विगोच्या लाटा स्पेनच्या की पोर्तुगालच्या?

स्पेनमध्ये राहते म्हटलं की सगळे माद्रिद, बार्सिलोना, फ्लामेंको एवढंच विचारतात. पण मी राहते विगोला, पार वायव्य कोपऱ्यात, गालिसियात, इथे पाऊस भरपूर, मासळी भरपूर आणि लोकांची मूळ भाषा गालेगो, जी स्पॅनिशपेक्षा पोर्तुगीजला जास्त जवळची. मिन्यो नदी ओलांडली की लगेच पोर्तुगाल, सीमेवरच्या तुई गावचा १८८६चा लोखंडी पूल तर चालतच पार करता येतो, फक्त पलीकडे घड्याळ एक तास मागे.

स्पॅनिश साहित्य एका कपाटात आणि पोर्तुगीज दुसऱ्या कपाटात असं आपण धरून चालतो ना, इथे ते जमतच नाही. तेराव्या शतकात मार्टिन कोदाश नावाचा कवी होता, त्याच्या गाण्यात एक मुलगी विगोच्या समुद्राच्या लाटांना विचारते, माझा सखा दिसला का तुम्हाला? तीच ओळ थोडी बदलून पुन्हा येते, पुन्हा येते, अगदी जात्यावरच्या ओवीसारखी, फक्त इथे बाईचा आवाज पुरुष कवीनं घेतलाय. अशी सात गाणी, त्यातल्या सहांची चालसुद्धा लिहून ठेवलेली, आणि हे चर्मपत्र सापडलं कुठे तर प्राचीन रोमन लेखक सिसेरोच्या एका जुन्या हस्तलिखिताच्या बांधणीत!

पोर्तुगालमध्ये साहित्याचा इतिहास अशाच गाण्यांपासून सुरू होतो आणि गालिसियाचे लोक म्हणतात ही आमची. मला दोघांचंही पटतं, कारण तेव्हा भाषा एकच होती. कॅस्टिलच्या, म्हणजे आजच्या स्पेनमधल्या एका राज्याच्या, दहाव्या अल्फोन्सो राजानं कायदे आणि इतिहास स्पॅनिशमध्ये लिहून घेतले पण मेरीमातेची चारशेहून जास्त गाणी याच भाषेत रचून घेतली, त्याचा नातू दिनिस पोर्तुगालचा राजा, तोही कविता याच भाषेत करायचा. आजोबा एका देशाचे, नातू दुसऱ्या, कविता एकाच भाषेत!

पुढे पारडं फिरलं. १५८० ते १६४० दोन्ही देशांवर एकच राजा होता, पण त्याच्याही आधीपासून पोर्तुगीज कवी स्पॅनिशमध्ये लिहायचे. खुद्द कामोंइश, जो आपल्या गोव्यात राहून गेला आणि ज्याचा मृत्यूदिन १० जून हा आज पोर्तुगालचा राष्ट्रीय दिवस आहे, त्याच्याही स्पॅनिश कविता आहेत.

गालेगो मात्र कित्येक शतकं कागदावरून जवळजवळ गायबच झाली, शेतात, बंदरावर, घरात तेवढी बोलली गेली. १८६३मध्ये कवयित्री रोसालिया दे कास्त्रोचं ‘कांतारेस गालेगोस’ हे कवितांचं पुस्तक आलं आणि भाषेला पुन्हा मान मिळायला लागला. १९६३पासून १७ मे हा गालेगोचा साहित्यदिन, सुट्टी असते. हुकूमशहा फ्रँकोच्या काळात शाळा-ऑफिसात गालेगोला जागा नव्हती, तेव्हाचं बोलताना म्हातारी माणसं अजून हळवी होतात.

आता वाद आहे लिपीचा नाही, स्पेलिंगचा. एक गट म्हणतो पोर्तुगीजसारखं लिहूया, भाषा एकच आहे, गालेगो भाषेच्या अकादमीचं अधिकृत लेखन मात्र वेगळं. कोकणी-मराठीचा वाद ऐकून मोठं झालेल्याला यातली कळकळ लगेच समजते. माझं मत विचाराल तर गालेगो वगळून या दोन साहित्यांची तुलना करणं म्हणजे मधलं माणूसच घराबाहेर ठेवणं, आणि विद्यापीठांत नेमकं तेच चालतं याचं मला खरंच वाईट वाटतं.

कोदाशचं ते चर्मपत्र आज न्यूयॉर्कच्या मॉर्गन लायब्ररीत आहे. २०१७मध्ये प्रदर्शनापुरतं विगोला आणलं होतं. ते कायमचं इथेच असायला हवं, असं मला अगदी मनापासून वाटतं.