पात्रे काल्पनिक, लोणचं खरं

‘या कथेतील सर्व पात्रे व घटना काल्पनिक असून...’ ही पाटी मालिकेआधी येते, तेव्हा आमच्या घरी कुणीतरी गॅस बंद करायला उठलेलं असतं. ती कुणी वाचत नाही. पण तिच्यामागे मोठी भानगड आहे.

१९३२ साली हॉलिवूडच्या एमजीएम कंपनीने रास्पुतीनवर, म्हणजे रशियाच्या झारच्या दरबारात वजन असलेल्या साधूवर, चित्रपट काढला. रास्पुतीनच्या खुनात सामील असलेला प्रिन्स फेलिक्स युसुपोव तेव्हा पॅरिसमध्ये राहत होता. आपण तो खून कसा केला, याचं पुस्तकसुद्धा त्याने छापलं होतं. चित्रपटात नावं बदललेली, पण माणसं कोण ते उघड. वर सुरुवातीलाच ‘यातली काही पात्रे अजून हयात आहेत’ अशी फुशारकी. कोर्टात गेली फेलिक्सची बायको इरिना. नवरा खुनी दाखवला म्हणून नव्हे; तिच्यावर बेतलेल्या राजकन्येवर रास्पुतीन अत्याचार करतो असं दाखवलं, म्हणून. तसलं काही घडलेलंच नव्हतं. लंडनच्या कोर्टाने तिला २५,००० पौंड भरपाई दिली. १९३४ साली अपिलातही तोच निकाल राहिला आणि त्यानंतर ‘सर्व पात्रे काल्पनिक’चं पीक आलं. गंमत बघा, इरिनाची तक्रारच मुळी काल्पनिक भागाबद्दल होती.

आम्हा हौशी लिहिणाऱ्यांचा एक गट आहे. रविवारी कुणाच्या तरी हॉलमध्ये जमायचं, पोहे खायचे, एकमेकांच्या कथा ऐकायच्या. ‘तपशील भरा, माणूस डोळ्यांपुढे उभा राहिला पाहिजे’ हा आमचा लाडका सल्ला. एकाने तो मनावर घेतला आणि शेजारच्या काकूंवर कथा लिहिली. नाव बदललं, कोथरूडचं डोंबिवली केलं. काकू दुधाच्या रिकाम्या पिशव्या धुऊन, चिमटे लावून दोरीवर वाळत घालतात आणि रद्दीवाल्याला मोजून देतात, तेवढं मात्र ठेवलं. का नाही ठेवणार? कथेत जीव होता तो तिथेच. कथा दिवाळी अंकात आली आणि अख्ख्या सोसायटीने काकूंना त्या चिमट्यांवरून ओळखलं. म्हणजे आम्ही जो सल्ला देतो, तोच माणसाला उघडं पाडतो. नाव बदलून फसतात ते फक्त परके, आणि परक्यांना काकूंशी काय देणंघेणं?

अंक काकूंपर्यंत पोचला. त्यांनी चष्मा लावून सगळी कथा वाचली. पिशव्यांवर हसल्या. मग शेवटाकडे आल्या. कथेत अमेरिकेतला मुलगा फोन करत नाही, काकू दरवर्षी त्याच्यासाठी कैरीचं लोणचं घालतात आणि शेवटी बरणीला बुरशी येते. आमच्या गटात त्या बुरशीला केवढी दाद मिळाली होती!

“फोन करत नाही? रोज रात्री साडेनवाला येतो त्याचा,” काकू म्हणाल्या. “आणि माझ्या लोणच्याला बुरशी?”

उचललं त्याचं त्यांना काही वाटलं नाही, चिकटवलं ते झोंबलं. चिकटवल्याशिवाय कथा होत नाही, हेही खरंच. नुसत्या पिशव्यांचं फार तर व्यक्तिचित्र होईल.

सुनीताबाई देशपांड्यांचं ‘आहे मनोहर तरी’ १९९० साली आलं तेव्हा पुलं हयात होते. घरातलं असं चव्हाट्यावर मांडावं का, यावर वाचक हिरिरीने भांडले. मला ते पुस्तक त्या मानाने सरळ वाटतं. जे म्हणायचं ते स्वतःच्या नावाने म्हटलं, आणि ज्यांच्याबद्दल म्हटलं त्यांच्याही हातात लेखणी होती. काकूंच्या हातात चिमटे. त्यांनी खुलासा कुठल्या अंकात छापायचा?

आता त्या लेखकाचा कथासंग्रह निघतोय. काकूंचं नाव आणखी एकदा बदलतो, गावही बदलतो, असं सांगायला तो पेढे घेऊन गेला. काकूंनी पेढा घेतला.

“नाव माझं खरं घाल हवं तर,” त्या म्हणाल्या. “लोणचं तेवढं नीट कर.”

त्याची पंचाईत झाली आहे. बुरशी काढली, तर कथेला शेवटच राहत नाही.