जवारी लागली तो दिवस

दक्षिण महाराष्ट्रातील गावे आणि तेथे चालणारी कामे यांवर मी यूट्यूबवर एक मराठी चॅनेल चालवते. राहायला मिरजेत असल्यामुळे बहुतेक विषय मिरज, सांगली आणि आसपासच्या तालुक्यांतलेच असतात. विषय निवडताना मी एकच प्रश्न विचारते : ही गोष्ट नेमकी याच गावात का होते? ज्या विषयाला या प्रश्नाचे उत्तर असते आणि ते उत्तर कॅमेऱ्यासमोर दाखवता येते, तो विषय मी घेते. 2016 च्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेने पाणी गेले ते मिरजेहूनच, कारण कृष्णेचे पाणी आणि मोठे जंक्शन या दोन्ही गोष्टी येथे हाताशी होत्या. डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी 1894 मध्ये येथे मिशन रुग्णालय उभे केले आणि मिरज ही दवाखान्यांची नगरी झाली. अशा विषयांना पर्यटनस्थळाचे देखणेपण लागत नाही. त्यांना कारण लागते, आणि ते त्या गावच्या मातीत, पाण्यात किंवा माणसांत असते.

तानपुऱ्याच्या भागाचे चित्रीकरण केले तो दिवस मात्र या सगळ्यांहून वेगळा होता, आणि चॅनेलची पुढची आखणी त्याच दिवशी ठरली.

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत तंतुवाद्ये बनवण्याचा धंदा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून चालत आला आहे. हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांतील फरीदसाहेबांनी तो सुरू केला आणि पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयाने तो वाढला, हे गावात सगळ्यांना ठाऊक असते. पुढे उस्ताद अब्दुल करीम खाँ मिरजेत स्थायिक झाले. 1937 मध्ये त्यांचे निधन झाल्यावर त्यांचे दफनही मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या परिसरात झाले. गाणारे येत राहिले म्हणून वाद्ये सुधारत राहिली आणि चांगली वाद्ये मिळतात म्हणून गाणारे येत राहिले. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाल्यानंतर गल्लीत कॅमेरे घेऊन येणाऱ्यांची संख्या वाढली. त्यांतले बहुतेक चित्रण एकाच वळणाचे होते : छताला टांगलेले भोपळे, दांडीवरचे नक्षीकाम, पॉलिशचा हात, आणि मागे कुठूनतरी घेतलेले सतारीचे संगीत. वाद्य बनताना दिसत होते, पण ते वाद्य कशामुळे होते, हे कोणी ऐकवत नव्हते.

मी ज्यांच्याकडे गेले ते चाचा सत्तरीचे आहेत आणि गेली अनेक वर्षे जवारी काढण्याचेच, म्हणजे तारा ज्या तुकड्यावर टेकतात तो घासून वाद्याचा आवाज खुलवण्याचेच, काम प्रामुख्याने करतात. दुपारी चित्रीकरण करू या, प्रकाश चांगला असतो, असे मी फोनवर सुचवले, तेव्हा त्यांनी ते तिथल्या तिथे मोडून काढले. ‘‘ताई, दुपारी गल्लीत गाड्या असतात. तुम्हाला दिसेल, पण मला ऐकू येणार नाही. फजरची नमाज झाली की या.’’ त्यामुळे आम्ही दोघी, मी आणि कॅमेरा सांभाळणारी माझी मैत्रीण, उजाडण्याआधीच त्यांच्या दुकानात पोचलो. प्रकाशासाठी त्यांच्या कामाच्या जागेवरचा एकच दिवा होता. तो पुरेसा ठरला, कारण दाखवायची जागा वीतभरच होती.

ती जागा म्हणजे घोडी. तानपुऱ्याच्या चारही तारा तबलीवर, म्हणजे भोपळ्याच्या तोंडावरच्या लाकडी फळीवर, बसवलेल्या या रुंद, सपाट वाटणाऱ्या तुकड्यावरून जातात. तो सपाट वाटतो, पण सपाट नसतो. त्याच्या माथ्याला अगदी हलका उतार दिलेला असतो आणि छेडलेली तार कंप पावताना त्या उतारावर पुन्हा पुन्हा टेकते. या टेकण्यातूनच स्वराभोवती बारीक, उंच स्वरांची झालर तयार होते. उतार किंचित जास्त झाला तर आवाज कोरडा पडतो, कमी झाला तर तार नुसती खडखडते. शिवाय तारांच्या घर्षणाने घोडीवर सूक्ष्म चऱ्या पडतात, म्हणून नवा असो वा जुना, प्रत्येक तानपुरा काही काळाने जवारीसाठी परत येतो. चाचांनी त्या सकाळी घेतलेला तानपुरा असाच दुरुस्तीला आलेला होता. काळी एकला, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या स्वराला, लावायचा, पुरुष गायकाचा, मोठ्या भोपळ्याचा.

त्यांनी आधी चारही तारा छेडल्या. आवाज बसका होता, जणू वाद्यावर जाड कापड टाकले आहे. मग तारा सैल करून त्यांनी घोडीवर कानस फिरवली. मी ‘फिरवली’ म्हणते, पण ती फिरताना जेमतेम दिसत होती. दोनतीन हात मारले की बोटाच्या पेराने पृष्ठभाग चाचपायचा, फुंकर मारायची, पुन्हा तार ताणायची, कान दांडीजवळ न्यायचा. पंचमाची तार झाली, जोडाच्या, म्हणजे मधल्या एकाच स्वराच्या, दोन तारा झाल्या, पण खर्ज, म्हणजे सर्वांत खालच्या स्वराची तार, काही केल्या खुलत नव्हता. तास उलटून गेला. त्या सगळ्या वेळात चाचा एक अक्षर बोलले नाहीत आणि आम्हीही काही विचारले नाही. शेवटी त्यांनी सुताचा एक दोरा खर्जाच्या तारेखाली सरकवला आणि तार छेडत छेडत तो केसाच्या अंतराने पुढे ढकलू लागले. एका जागी आवाज अचानक उघडला. तार एकच होती, पण तिच्यातून गंधार हा वेगळाच स्वर स्पष्ट ऐकू येऊ लागला आणि खोलीत कोपऱ्यात टेकवून ठेवलेल्या दुसऱ्या तानपुऱ्याच्या तारा आपोआप बोलू लागल्या. माझी मैत्रीण कॅमेऱ्यावरून मान वर करून कोण वाजवते आहे ते पाहू लागली. चाचांनी पहिल्यांदाच आमच्याकडे बघितले आणि म्हणाले, ‘‘आता हा गाणाऱ्याला सांगेल, कुठं लागायचं ते.’’

1921 मध्ये सी. व्ही. रामन यांनी तानपुरा आणि वीणा यांच्या घोडीवर शोधनिबंध लिहिला होता. तार ज्या बिंदूवर छेडली असता एखादा उपस्वर, म्हणजे मूळ स्वराबरोबर निघणारा उंच स्वर, निघायलाच नको, तेथे छेडूनही तो या वाद्यांतून ठळकपणे ऐकू येतो, हे त्यांनी दाखवले आणि त्याचे कारण घोडीच्या रचनेत असल्याचे मांडले. तो निबंध मी आधी वाचलेला होता. पण वाचलेली गोष्ट कानासमोर घडताना ऐकणे ही फार मोठी गोष्ट आहे, आणि आपल्या प्रेक्षकांनाही ती ऐकवायचीच, असा माझा निश्चय तेथेच झाला.

ऐकवणे सोपे नव्हते. ध्वनिमुद्रण स्वच्छ करणारी आजची साधने पंख्याची घरघर, यंत्राची गुणगुण असा एकसारखा चालू राहणारा आवाज गोंगाट म्हणून ओळखतात आणि पुसून टाकतात. तानपुऱ्याचा आवाज नेमका तसाच, अखंड असतो. संकलनाला बसल्यावर आम्ही मुद्दाम तुलना करून पाहिली, तर सफाई केलेल्या ध्वनिफितीत जवारीची सगळी झालर गेलेली होती आणि उरला होता तो तारेचा टणत्कार. त्यामुळे त्या भागात आम्ही कोणतीही सफाई केली नाही, पार्श्वसंगीत घातले नाही आणि दोरा सरकवतानाचे चित्रण एकदाही न कापता तसेच ठेवले. त्या तुकड्यात मध्येच दूधवाल्याची सायकल जाते, तीही ठेवली. दुसरी शंका फोनवर बघणाऱ्यांची होती. काळी एकच्या तानपुऱ्याचा खर्ज सुमारे 70 हर्ट्झचा असतो आणि फोनच्या बारीक स्पीकरला एवढा खालचा स्वर जवळपास देताच येत नाही. पण जवारी चांगली लागली की वरचे उपस्वर इतके भरगच्च येतात की मूळ स्वर कान स्वतःच जुळवून घेतो. साध्या फोनवर लावून पाहिले तेव्हा खर्ज खरोखरच ‘ऐकू’ आला. चाचांना ते ऐकवले, तर त्यांनी फोन कानाला लावून दोनदा ऐकले आणि ‘‘ठीक आहे, जाऊ द्या हा,’’ म्हणून परवानगी दिली.

काम आटोपल्यावर चहा पिताना मी भोपळ्यावर हात ठेवून विचारले की, हा मिरजेचाच का? ‘‘इथं कुठला? भीमेकाठचा. पंढरपूर, बेगमपूर, मंगळवेढा, तिकडनं येतो.’’ हा भोपळा कडू असतो, खाण्याच्या उपयोगाचा नसतो, केवळ वाद्यासाठी लावला जातो. एवढा मोठा, जाड सालीचा भोपळा तेथेच का होतो, हे मी विचारताच चाचा म्हणाले की, ते तिथल्या शेतकऱ्याला विचारा, माझे काम भोपळा दारात आल्यावर सुरू होते. मला या उत्तराने फार आनंद झाला. प्रत्येक जण आपल्या कामाच्या हद्दीपर्यंत सांगतो आणि तेथून पुढच्या माणसाचे नाव देतो. त्या नावाच्या मागे गेले की पुढचा विषय मिळतो. आज कोणते विषय चालतात याच्या तयार याद्या इंटरनेटवर भरपूर आहेत आणि नवी मुले त्या बघून चॅनेल सुरू करतात, याचे मला वाईट वाटते, कारण त्या यादीत बेगमपूरचा भोपळा कधीच येणार नाही.

त्या दिवसापासून मी विषयांची वही नकाशासारखी ठेवू लागले. मिरजेपासून एक रेघ भीमेकडे जाते, ती भोपळ्याची. दुसरी सांगलीजवळच्या हरिपूरला जाते, हळदीच्या पेवांकडे. तेथील माती अशी की जमिनीत खोल खणलेल्या पेवात हळद वर्षानुवर्षे टिकत असे आणि पेव उघडल्यावर आत हवा शुद्ध आहे की नाही, हे दिवा सोडून पाहिल्यावरच माणूस उतरत असे. 2005 च्या महापुरात पाणी शिरून यांतली बरीच पेवे निकामी झाली. सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये मानांकन मिळाले, पण पेवात उतरलेली माणसे आता वयस्क झाली आहेत. म्हणून भोपळ्याचे वेल पुढच्या हंगामातही भेटतील, आधी हरिपूर करायचे, असे आम्ही ठरवले. गावातल्या एका जुन्या हमालकाकांनी पेवाच्या तोंडाशी उभे राहून उतरण्याची रीत दाखवायचे कबूल केले आहे. खाली उतरताना आवाज कसा बदलत जातो तेही सांगेन, असे ते आपण होऊन म्हणाले.