'मागील तीन निवाड्यांच्या प्रती जोडा': टेक्निकल लवाद होतानाचा माझा अनुभव

लवादांच्या, म्हणजे कोर्टाबाहेर वादाचा निकाल देणाऱ्या पंचांच्या, पॅनेलवर माझं नाव लागलं त्याला आता बरेच दिवस झाले, पण अर्जातली ती एक ओळ आठवली की अजून डोकं तापतं. म्हणूनच लिहायला बसलोय. वाळूज, शेंद्रा, जालना, लातूर इथं डिझाइनमध्ये नाहीतर आर अँड डीमध्ये उभी हयात घालवलेली खूप माणसं आहेत. पेटंटच्या, ड्रॉइंगच्या, मोल्डच्या मालकीच्या भांडणांत लवाद म्हणून ती उत्तम काम करतील. पण वाद उभा राहिला की दोन्ही पार्ट्या मुंबई-पुण्याकडे बघतात, कारण इथला माणूस यादीतच नसतो.

माझं आधीचं थोडक्यात सांगतो. मी मेकॅनिकल इंजिनिअर. वाळूज एमआयडीसीत टूलरूममध्ये सुरुवात केली, पुढे डिझाइनला गेलो. कंपनीचे पेटंट अर्ज तयार करता करता पेटंट एजंटची परीक्षा दिली, मग नोकरी सांभाळून एलएलबी केलं. एजंटच्या परीक्षेला विज्ञान किंवा इंजिनिअरिंगची पदवी लागते, प्रत्येक पेपरात किमान 50 टक्के आणि एकूण 60 टक्के लागतात. मूळ कायदा आणि नियम हातात घेऊनच अभ्यास करा, नोट्सवर विसंबू नका. पुढे एका पार्टीने तीन जणांच्या लवाद मंडळावर माझं नाव सुचवलं, काम पार पडलं, मग आणखी कामं आली. इथवर कुठंच अडलं नाही.

अडलं ते लवाद चालवणाऱ्या एका संस्थेच्या पॅनेलसाठी अर्ज केला तेव्हा. संस्थेचं नाव घेत नाही. ऑनलाइन अर्ज होता. व्यवसायाच्या रकान्यात निवृत्त न्यायाधीश, वकील, सीए आणि 'इतर' एवढेच पर्याय. मी 'इतर' निवडलं. पुढच्या पानावर लाल तारांकित ओळ होती: 'मागील तीन निवाड्यांच्या प्रती जोडा.' पीडीएफ जोडल्याशिवाय पुढचं पान उघडतच नव्हतं.

आता कायदा काय म्हणतो ते बघा. लवाद आणि सलोखा कायदा 1996 चा. त्यात 2019 च्या दुरुस्तीने कलम 42अ घातलं. लवादाने, संस्थेने आणि पक्षकारांनी संपूर्ण कामकाज गोपनीय ठेवायचं. अपवाद फक्त निवाड्याचा, तोही अंमलबजावणीसाठी उघड करणं गरजेचं असेल तेव्हाच. माझं नाव पॅनेलवर लागणं ही काही निवाड्याची अंमलबजावणी नव्हे. म्हणजे अर्ज पूर्ण करायचा तर ज्या कायद्याखाली लवाद व्हायचं, तोच मोडायचा! आणि ही मागणी करणारी संस्थासुद्धा त्याच कलमाने बांधलेली.

मी फोन केला. पलीकडच्या मॅडम शांतपणे म्हणाल्या, "सर, कॉपी अपलोड केल्याशिवाय सिस्टीम पुढे जात नाही." मी कलम वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "सर, बाकी सगळे जोडतात." हे ऐकून मला खरंच वाईट वाटलं. जो माणूस जुन्या पक्षकारांचे निवाडे बिनदिक्कत जोडतो त्याचा अर्ज पूर्ण, आणि जो कलम पाळतो त्याचा अपूर्ण. ई-मेलला उत्तर आलं, तेही तेच: अर्ज अपूर्ण.

मग कुणीतरी सुचवलं, नावं काळी करून द्या. तेही करून पाहिलं. नावं झाकली, पत्ते झाकले. पण तंत्रज्ञानाच्या वादात माणूस नावावरून कमी आणि मशीनवरून जास्त ओळखू येतो. म्हणून मशीनचं वर्णन झाकलं, पेटंट क्रमांक झाकला, मापं झाकली, रॉयल्टीचा दर झाकला. प्रिंट काढून टेबलावर ठेवली तर पानभर काळ्या पट्ट्या, आणि मधून मधून 'तथापि', 'सबब', 'प्रतिवादीचं म्हणणं असं की'. यावरून माझी पात्रता कोण ठरवणार? शिवाय वाळूजमध्ये ते पान कुणाच्या हाती लागलं असतं, तर नुसत्या परिच्छेदांच्या क्रमावरून त्याने कंपनी ओळखली असती. ते पान मी फाडलं.

पक्षकारांची संमती घ्या, असंही एका वकीलसाहेबांनी सांगितलं. एका बाजूने लगेच होकार दिला, दुसऱ्या बाजूने पत्राचं उत्तरच दिलं नाही. खरं म्हणजे त्या कलमात 'संमती असल्यास चालेल' असं कुठंही लिहिलेलं नाही. मी तो रस्ता सोडला. तुम्हीही सोडा.

जास्त चीड याची येते की ही अट कायद्याची नाहीच. 2019 च्या दुरुस्तीत आठवी अनुसूची आणली होती. तिच्यात लवादाची पात्रता लिहिली होती आणि बौद्धिक संपदा क्षेत्रात दहा वर्षं काढलेल्या तांत्रिक माणसालाही जागा होती. 2021 च्या दुरुस्तीने ती अनुसूचीच वगळली. आता पार्ट्यांचा विश्वास असेल तर इंजिनिअरही बसू शकतो. दार कायद्याने उघडं ठेवलंय, अडवतो तो अर्ज.

शेवटी मी संस्थेच्या निवड समितीच्या सचिवांना थेट पत्र लिहिलं. तीन गोष्टी देतो म्हणालो. एक, माझ्या एका निवाड्याला लवाद कायद्याच्या कलम 34 खाली कोर्टात आव्हान दिलं गेलं होतं आणि तो कायम राहिला, त्या आदेशाची नक्कल. कोर्टाचा आदेश जाहीर असतो, त्यात आड येण्यासारखं काही नाही. दोन, माझ्या मंडळाच्या अध्यक्षांचं प्रमाणपत्र, ज्यात फक्त वादाचा प्रकार आणि माझी भूमिका, नावं नाहीत. आणि तीन, काल्पनिक वादावर मी लिहिलेला पूर्ण निवाडा. बरीच वाट पाहिल्यावर उत्तर आलं, चालेल. त्या दिवशी घरी पेढे आणले.

तो काल्पनिक निवाडा लिहिताना मात्र मजा आली. जालन्याचा एक संशोधक, बियाण्यांची प्रतवारी करणाऱ्या मशीनचं पेटंट त्याच्या नावावर. वाळूजचा उत्पादक लायसन्स घेतो आणि पुढे रॉयल्टी थकवतो. उत्पादकाचं म्हणणं दोन प्रकारचं: एक तर पेटंटच चुकीचं आहे, आणि दुसरं, चाळणीची सुधारणा आमची आहे. ड्रॉइंगच्या उजव्या कोपऱ्यात टायटल ब्लॉक, म्हणजे ड्रॉइंगच्या माहितीची चौकट, असते, तिथं मी 'रिव्हिजन सी' (तिसरी सुधारित आवृत्ती) आणि तिची तारीख टाकली, कराराच्या तारखेनंतरची. सुधारणा करारानंतर उत्पादकाच्याच कारखान्यात झाली हे त्या एका रकान्यावरून दिसतं. करारात मात्र लिहिलेलं, की उत्पादकाने केलेली प्रत्येक सुधारणा फक्त मूळ मालकाकडेच परत जाईल. पेटंट कायद्याच्या कलम 140 प्रमाणे अशी अट रद्दबातल ठरते. इथं टूलरूममधली वर्षं कामी येतात. टायटल ब्लॉक वाचायची सवय पुस्तकातून लागत नाही.

पेटंट चुकीचं की बरोबर, यात मात्र लवादाने पडायचं नाही. पेटंट देणं हे सरकारचं काम आणि त्याचा परिणाम साऱ्या जगावर होतो, म्हणून ते लवादाच्या कक्षेबाहेर, हे सर्वोच्च न्यायालयाने विद्या द्रोलिया प्रकरणात 2020 मध्ये सांगितलंय. दोन पार्ट्यांमधली रॉयल्टी, कराराचा भंग, हिशेब हे लवादाकडे येऊ शकतं. मुंबई उच्च न्यायालयाने 2016 मध्ये इरॉस प्रकरणात कॉपीराइटच्या वादाबाबतही हाच धागा धरला होता. समितीने मुलाखतीत पहिला प्रश्न नेमका यावरच विचारला. हा भाग पक्का करून जा.

बियाण्यांचं उदाहरण मुद्दाम घेतलं. जालन्याला ट्रेट फी (बियाण्यातल्या पेटंट घेतलेल्या गुणधर्माचं शुल्क) आणि लायसन्सची भांडणं नवीन नाहीत. बीटी कापसाच्या पेटंटवरचा मोन्सँटो-नुझिवीडू वाद थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 8 जानेवारी 2019 ला पूर्ण सुनावणीसाठी परत खाली आला. असे वाद आपल्या दारात आहेत, मग ते सोडवणारी माणसं बाहेरून का आणायची?

एक राहिलंच. नेमणूक स्वीकारताना लवाद कायद्याच्या सहाव्या अनुसूचीतला खुलासा, म्हणजे पार्ट्यांशी आपले काय संबंध आहेत ते, द्यावा लागतो. आपल्या भागात प्रत्येक जण कुणाचा ना कुणाचा व्हेंडर असतो. जुनी कंपनी, तिचे सप्लायर, मेव्हण्याचं युनिट, सगळं लिहा. कोणत्या संबंधांमुळे लवादाच्या निःपक्षपातीपणाबद्दल शंका येऊ शकते, ती पाचव्या अनुसूचीतली यादी समोर ठेवूनच लिहा. मी लांबलचक खुलासा देतो आणि माझ्यावर आजवर कुणी आक्षेप घेतलेला नाही. मुदतीचंही भान ठेवा: दोन्ही बाजूंची कैफियत पूर्ण झाल्यापासून 12 महिन्यांत निवाडा द्यायचा असतो, दोघांच्या संमतीने आणखी 6 महिने मिळतात. तांत्रिक वादात साइट पाहणीची तारीख पहिल्याच बैठकीत ठरवून टाका.

आणि जे आत्ताच एखाद्या मंडळावर आहेत त्यांनी निवाड्यावर सही होईल त्याच दिवशी अध्यक्षांकडून ते बिननावाचं प्रमाणपत्र घेऊन ठेवा. नंतर अध्यक्ष गाव बदलतात, फोन बदलतात. मला त्यासाठी त्यांना परभणीला जाऊन शोधावं लागलं.