तुम्ही विचारलंत म्हणून: बायका दवाखान्यात का येत नाहीत?

“सगळं फुकट आहे, गाडी येते, वर पैसेही मिळतात. तरी तुमच्याकडच्या बायका घरी बाळंत का होतात?” शहरातून पाहणीला येणारं प्रत्येक पथक मला हे विचारतं. मी पालघर जिल्ह्यातल्या मोखाडा तालुक्यात एका पाड्यावर ‘आशा’, म्हणजे गावातली आरोग्य सेविका आहे. पूर्वी मी “अडाणीपणा, दुसरं काय” म्हणून मोकळी व्हायचे आणि ते सगळ्यांना पटायचं. आता तो शब्द तोंडातून निघत नाही.

एक तर, बहुतेक जणी येतात. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात राज्यातली शंभरातली जवळजवळ 95 बाळंतपणं दवाखान्यात झालेली आहेत. आमच्याकडेही घरची बाळंतपणं पुष्कळ कमी झालीत. गाडी येते, पण डांबरी संपते तिथपर्यंत. पावसाळ्यात त्यापुढं बाईला झोळीतून न्यावं लागतं. दिवाळीनंतर कुटुंबंच्या कुटुंबं भिवंडी-वसईकडं वीटभट्ट्यांवर जातात, मग नाव इथल्या रजिस्टरात आणि कळा तिकडं. दवाखान्यात बाळंत झालं की सरकारच्या जननी सुरक्षा योजनेचे 700 रुपये मिळतात, पण खातं आणि आधार जुळलं तर. सोबत गेलेल्या नवऱ्याची मजुरी बुडते ती वेगळीच.

पण हे सगळं सोसून जी गेली, तिचं ऐका.

पहिलटकरीण होती. सासू म्हणत होती, दाई आहे ना घरात. मी महिनोन् महिने मागं लागून सासूला तयार केलं. जवळच्या दवाखान्यानं पुढं पाठवलं, मोठ्या दवाखान्यात पोचलो तेव्हा रात्र झाली होती. तिला आत घेतलं, सासूला आणि मला बाहेर बाकावर बसवलं. दार नीट लागत नव्हतं, सगळं ऐकू येत होतं. ती ओरडली की आतून आवाज यायचा, “तेव्हा नाही ओरडलीस ती?” चापटीचा आवाजही आला. आमच्या बायका उकिडव्या बसून, दोरी धरून कळा देतात. ती उठून बसायला बघत होती आणि तिला पुन्हापुन्हा उताणं पाडत होते. तिच्या बोलीत ती पाणी मागत होती, ते कुणाला कळेना. मी दारातून सांगितलं, तर मलाच “बाहेर हो” म्हणाले. सासू माझ्याकडं बघत होती. ती काही बोलली नाही.

कागदावर ‘नॉर्मल प्रसूती, आई-बाळ सुखरूप’. तेही खोटं नाही.

आत रात्रभर एकच सिस्टर आणि टेबलावर दुसऱ्याही बायका, हे मला दिसत होतं. मी सिस्टर असते तर? हा विचार मी कितीदा केलाय. तरी त्या चापटीला उत्तर सापडत नाही.

दुसऱ्या खेपेला तिनं मला निरोपच दिला नाही. सकाळी कळलं, घरी मुलगी झाली. पाठीशी सासू टेकून बसली होती, दाईनं सोडवलं, सगळं नीट पार पडलं. आता या बाईला मी काय समजावू? वार अडकली असती, अंगावरून जायला लागलं असतं तर, हे मला माहीत आहे. पण तिच्या पदरी जो अनुभव आहे, तो माझ्या माहितीपेक्षा मोठा आहे. आणि लोक म्हणतात, आशाला दवाखान्यातल्या बाळंतपणामागं मोबदला मिळतो, त्यासाठी ती बायका ओढून नेते. म्हणोत.

ती पुन्हा पोटुशी आहे. हिमोग्लोबिन 8 च्या खाली, म्हणजे अंगात रक्त कमी. या वेळी घरी रक्त गेलं तर डांबरीपर्यंतही पोचणार नाही. गोळ्या द्यायला गेले की ती एकच विचारते, “ताई, तू आत येशील का?”

बाळंतपणात सोबतीची एक बाई आत असू द्यावी, असं केंद्र सरकारनं 2016 सालीच सांगितलंय. तुम्ही वरच्या साहेबांना भेटणारच आहात. बायका का येत नाहीत हे मला विचारलंत, तसं त्यांना विचारा की त्या दाराशी आम्हाला का अडवतात. आणि काय म्हणाले ते मला लवकर कळवा, तिला नववा लागायच्या आत.