आमची वाटचाल : "होऊन जाईल" पासून वहीपर्यंत

सुरुवात २००९ ची, आम्ही दोघं भाऊ, दोन व्हायब्रेटर, एक जुना मिक्सर आणि भाड्याच्या शटरिंग प्लेटा (काँक्रीट ओतायच्या साच्याच्या). रस्त्याखालच्या मोऱ्या करत करत पुलाच्या कामात घुसलो, मोठ्या ठेकेदाराच्या हाताखाली. रेट कसा काढायचा हे कुणाला माहीत? मुकादम म्हणायचा "होऊन जाईल शेठ", आम्ही सही करायचो. पहिल्याच पुलात टेम्पो विकावा लागला.

मग धाकट्यानं वही घातली. रोज किती माणसं, किती तास, काय काम झालं. आधी आम्ही सगळं काम काँक्रीटच्या घनमीटरवर मोजायचो आणि तिथंच फसायचो, कारण काँक्रीट पंपानं दोनतीन तासात पडून जातं, पण त्याआधी सळई बांधायला आणि शटरिंग उभं करायला आठवडा गेलेला असतो. म्हणून सळई किलोत (एमएममधल्या व्यासाचा वर्ग भागिले १६२, म्हणजे १६ एमएमची मीटरला १.५८ किलो), शटरिंग चौरस मीटरमध्ये, सगळं वेगवेगळं लिहायला लागलो. शेवटचा रकाना "वाट बघणे". क्रेन दुसरीकडं अडकलीय, ड्रॉइंग बदललंय, चेकिंगला साहेब आले नाहीत. खरं सांगतो, सगळ्यात जास्त तास ह्याच रकान्यात निघाले, आणि आम्ही उगाच पोरांवर ओरडत होतो.

दुसरी गंमत अशी की पहिल्या पिअरला, म्हणजे पुलाच्या खांबाला, ११ दिवस गेले, चौथ्याला ७, मग आकडा तिथंच थांबला. होळीला गँग गावी गेली, परत आली ती निम्मी नवीन, झालं, पुन्हा ९. तेव्हापासून अंदाज पहिल्या पिअरवरून काढत नाही आणि सगळ्यात लवकर झालेल्या पिअरवरून तर नाहीच. गर्डरचं, म्हणजे खांबांवरच्या आडव्या तुळईचं, गणित अजून वेगळं, साधं (ओपीसी) सिमेंट असेल तर खालचे टेकू २१ दिवस हलवता येत नाहीत, तिथं माणसं वाढवून काही होत नाही, शटरिंगचे सेट किती आहेत त्यावर सगळं.

मागच्या वर्षी एका कामाला पिअरमागं ८ दिवस सांगितले. समोरचे हसले, ६ करा म्हणाले. आम्ही म्हटलं करतो, पण क्रेन फक्त आमच्याकडं राहील असं लिहून द्या. नाही दिलं, आम्ही काम सोडलं. सध्या दोन छोट्या पुलांवर आहोत, जूनच्या आत नदीतले पिअर पाण्याच्या वर काढायचेत.