वेठीस धरलेला शिमोन

आमच्या घरात एकाच वस्तूला दोन नावं आहेत. पप्पा वसईचे, कॅथलिक, ते म्हणतात क्रूस. आई नगरची, तिचं माहेर प्रोटेस्टंट, तिच्या बायबलात तो वधस्तंभ. लहानपणी मला वाटायचं या दोन वेगळ्याच गोष्टी आहेत, क्रूस म्हणजे आत्याच्या चेनमध्ये असतो तो सोन्याचा, आणि वधस्तंभ म्हणजे कायतरी भयंकर, जेलच्या मागे असतं तसलं. आता या वयात वाटतं, तेव्हा बरोबरच वाटायचं की.

क्रूस हा शब्द पोर्तुगीजांनी दिला, पाव, चावी, पगार दिला तसाच. चारशे-पाचशे वर्षं तोंडात घोळून तो गुळगुळीत झालाय. आम्ही वसईकर रस्त्याने जाताना कोपऱ्यावरच्या क्रुसापाशी स्कूटर जरा स्लो करतो, एक हात कपाळ-छाती-खांदे फिरवून येतो, दुसरा हात हॉर्नवर. वधस्तंभ म्हटलं की असं होत नाही. त्या शब्दात वध आहे, तो ऐकू येतोच.

आणि होतंच ते तसलं. रोमन लोकांनी गुलामांसाठी, बंडखोरांसाठी ठेवलेली ही शिक्षा. स्पार्टाकसचं बंड मोडल्यावर, इसवी सनापूर्वी 71 साली, त्याची सहा हजार माणसं कापुआपासून रोमपर्यंत रस्त्याच्या कडेने खिळली होती. सुरुवातीचे ख्रिस्ती लोक खूण म्हणून मासा काढायचे, जहाजाचा नांगर काढायचे, पण क्रूस काढायला हात धजायचा नाही. येशू खिळलेला दाखवणारं जे सगळ्यात जुन्या चित्रांपैकी एक सापडलंय ते तर चक्क टिंगल आहे, रोममध्ये पॅलाटाईन टेकडीवर भिंतीवर कोणीतरी खरवडलेलं, क्रुसावर गाढवाच्या डोक्याचा माणूस आणि खाली लिहिलंय, अलेक्सामेनोस आपल्या देवाची पूजा करतोय. बिचारा अलेक्सामेनोस. ऑफिसमध्ये कपाळावर राखेचा क्रूस घेऊन बसलं की, अरे इथे काय लागलंय, असं दिवसभर ऐकावं लागतं त्याचा हा मूळपुरुष.

हे सगळं डोक्यात यायचं कारण यंदाचा गुड फ्रायडे. क्रूसाची वाट होती, म्हणजे येशू क्रूस घेऊन चालला ती वाट चौदा स्थानांवर थांबत चालायची, भर उन्हात. जो मुलगा दरवर्षी क्रूस उचलतो तो आजारी. मी नाइट करून आलेलो, मागे सावलीत उभा होतो मोबाईल चाळत, आणि आमच्या इथल्या एका काकांनी नुसतं बोट केलं, तू ये, उंच आहेस. झालं. नाही म्हणायला वेळच मिळाला नाही.

एक सांगतो, तो लांबून जेवढा वाटतो तेवढा हलका नसतो. खांद्यावर रुमालाची घडी ठेवली होती, ती तिसऱ्या स्थानालाच सरकली. मागचं टोक डांबरावर घासत येतं आणि त्याचा खर्रर्र आवाज थेट आपल्या दातात वाजतो. पाचव्या स्थानाला, जिथे येशूचा क्रूस वाहायला शिमोन येतो, तिथे ठरल्याप्रमाणे एकाने मागचं टोक उचललं. मला वाटलं सुटलो. कसलं काय! घासणं बंद झालं खरं, पण त्याची चाल वेगळी, माझी वेगळी, प्रत्येक पावलाला मागून खांद्यावर गचका. दहा-बारा पावलं गेल्यावर कुठे आमची चाल जुळली, तीही मी हळू झालो म्हणून.

रात्री घरी खांद्याला बाम लावत आईचं बायबल उघडलं. शिमोनाला त्यांनी वधस्तंभ वाहण्यास 'वेठीस धरले' असं आहे तिथे. वेठ! म्हणजे वेठबिगार. भक्ती नाही, इच्छा नाही, माणूस शेतावरून येत होता, मार्कने आपल्या शुभवर्तमानात तसं लिहून ठेवलंय, आणि शिपायांनी पकडला. कुरेनेचा, म्हणजे आजच्या लिबियाकडचा, परगावचा माणूस. मार्क त्याच्या पोरांची नावंही देतो, आलेक्सांद्र आणि रूफ, म्हणजे वाचणाऱ्यांना ती पोरं माहीत असणार. त्या घरात त्या दुपारची गोष्ट पुढे किती वेळा निघाली असेल!

आपल्याकडे 'माझा क्रूस' फार स्वस्त झालाय. सासू माझा क्रूस, शुगर माझा क्रूस, विरार लोकल तर आहेच. ते जाऊ दे, गंमत म्हणून ठीक. पण मार खाणाऱ्या बाईला, तुझा क्रूस समजून सोस, असं सांगतात तेव्हा माझं डोकं फिरतं. लूककडे येशू म्हणतो दररोज आपला वधस्तंभ उचलून घ्यावा, उचलून घ्यावा म्हणतो, दुसऱ्याच्या पाठीवर टाकावा असं कुठे म्हणतो?

मग शिमोनाचं काय, त्याच्यावर तर टाकलाच की. यावर माझ्याकडे उत्तर नाही, फक्त आमचे मोठे काका आहेत. पावसाळ्यापासून अंथरुणावर आहेत. रात्री कोण झोपणार याची लिस्ट चुलत भावंडांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ठरली तेव्हा मी ट्रेनमध्ये होतो, नेटवर्क आलं तेव्हा माझ्या नावापुढे मंगळवार आणि शनिवार. चिडलो होतो, खोटं कशाला बोलू. पहिले दोन आठवडे मी आणि चुलतभाऊ एकमेकांना गचकेच देत होतो, तो म्हणे उशी अशी, मी म्हणे तशी, आणि मध्ये काका.

दर दोन तासांनी कूस बदलायची, पाठीला जखम होऊ नये म्हणून. काका आयुष्यभर भाजीवाले, पहाटेच्या गाडीने टोपल्या घेऊन दादरला. वाडी विकून किती वर्षं झाली, तिथे आता बिल्डिंग आहे, पण तीन वाजता कूस बदलली की त्यांना जाग येते आणि ते अंगठ्याने माझ्या कपाळावर क्रूस काढतात, मी मार्केटला निघालोय असं समजून. नखात सालपटं असल्यासारखा अजून खरखरीत अंगठा आहे. मग थोड्या वेळाने विचारतात, वांगी काय भावाने गेली? मी काहीतरी आकडा सांगतो. गेल्या मंगळवारी चाळीस रुपये किलो सांगितलं तर डोळे मिटूनच म्हणाले, मधले दहा तू खाल्लेस.