मोहीम नोंद, सेशन १६ ते १९: काढता पाय

खेळ डन्जन्स अँड ड्रॅगन्स. मी डीएम, म्हणजे गोष्ट आणि राक्षस चालवणारा; बाकीचे चौघे एकेक पात्र खेळतात, त्यांची टोळी म्हणजे पार्टी. सेशन १६ मध्ये पार्टी आडवी झाली. चारही जण. मला ते दुसऱ्याच फेरीत दिसलं होतं, त्यांना शेवटपर्यंत दिसलं नाही.

जागा बंद पडलेल्या खाणीची. नकाशा डिचोलीकडच्या खाणी डोळ्यांसमोर ठेवून काढला होता: तांबड्या मातीचे टप्पे, तळाला हिरवं पाणी, वर यायला एकच ट्रकचा रस्ता. तळाशी चौदा हॉबगॉब्लिन, म्हणजे राक्षस. आमचे चौघे, लेव्हल ३ (म्हणजे अजून नवखे), नियम २०१४ च्या पाचव्या आवृत्तीचे. वाटेत जखमी हेर भेटवला, ढीगभर हाडं दाखवली, गुराख्याच्या तोंडून "परत फिरा" म्हणवलं. तरी हे उतरलेच.

नंतर फोंड्याच्या आमच्या नेहमीच्या गच्चीवर भाजीपाव खाताना विचारलं, पळाला का नाहीत? मावसभाऊ (त्याचं पात्र भैरू, फायटर म्हणजे लढवय्या) म्हणाला, "तू चौदा ठेवलेस म्हणजे चौदा मारता येत असणार ना?" म्हणजे माझ्या सगळ्या सूचना त्याने देखावा म्हणून ऐकल्या होत्या. डीएम समोर ठेवतो ते पेलणारंच असतं, असा ठाम विश्वास. पंधरा सेशन तो विश्वास मीच जपला, तेव्हा बोलणार काय.

पण नुसता विश्वासाचा दोष नाही. त्या रात्री वहीत मांडून बघितलं. भैरूचा वेग एका पाळीत ३० फूट, हॉबगॉब्लिनचाही ३०. शत्रूच्या आवाक्यातून सरळ निघालात तर तो फुकटचा एक वार करतो. तो चुकवायला डिसएंगेज केलंत (वार न खाता मागे सरलात) तर अॅक्शन, म्हणजे त्या पाळीची मुख्य कृती, त्यातच जाते; तुम्ही ३० फूट सरकता, तो ३० फूट येतो आणि मारतो. धावत सुटलात तर तोही धावतो, फेरी संपते तेव्हा पुन्हा शेजारी उभा. आमची क्लेरिक (पुजारीण) कालिंदी ड्वार्फ, म्हणजे बुटक्या जमातीची, तिचा वेग २५. तिने पळायचा विचार करणं म्हणजे एसटीमागे धावणं.

त्यात एचपीची, म्हणजे पात्रात किती जीव उरलाय त्या आकड्याची गंमत. ३१ एचपीचा भैरू आणि १ एचपीचा भैरू अगदी सारखाच मारतो. ना लंगडणं, ना हात थरथरणं. शून्यावर गेला तरी ६० फुटांवरून हीलिंग वर्डचा एक मंत्र, की गडी पुन्हा उभा. मग हरतोय हे कळावं कशावरून? कळतं तेव्हा कालिंदी जमिनीवर पडलेली असते, आणि तिला तिथेच टाकून कोण जाणार? पळायची सोय असते तेव्हा गरज वाटत नाही, गरज वाटते तेव्हा सोय उरलेली नसते.

मी पावनखिंडीचा दाखला दिला. १६६० मध्ये महाराज पन्हाळ्यावरून निसटले, ती माघारच होती. भैरू खूश झाला, "मग मी खिंडीत थांबतो!" चिमणी (आमची रोग, Rogue, म्हणजे चोरटी) म्हणाली, "मीपण." बाजीप्रभू सगळ्यांनाच व्हायचंय. विशाळगडाकडे चालत जायला एकही तयार नाही.

सेशन १६ मध्ये मी शेवटी कुणाला मारलं नाही. जवळून शेवटचा वार करणाऱ्याला समोरच्याला ठार न करता नुसतं बेशुद्ध पाडता येतं, हा नियम पहिल्यांदा वापरला. चौघे पिंजऱ्यात जागे झाले. हॉबगॉब्लिनांनी त्यांना दोन वेळ पेज घातली, खंडणीच्या आशेने.

सेशन १७: पिंजऱ्यातून सुटका आणि मोराल. याच खेळाच्या १९८१ च्या बेसिक सेटमधली, राक्षसांचं धैर्य तपासायची जुनी पद्धत. प्रत्येक राक्षसाला २ ते १२ मधला एक आकडा, दोन साधे फासे टाकायचे, बेरीज आकड्याच्या वर गेली की त्याचं धैर्य सुटलं. एक पहिला मेल्यावर टाकायचा, एक निम्मे पडल्यावर. मी ७ ठेवला, म्हणजे ३६ पैकी १५ वेळा पळ. पहिल्याच फाशाला ९ आले. दोन पहारेकऱ्यांनी हत्यारं टाकली, गुडघ्यावर बसले. टेबलावर क्षणभर सगळे गप्प. मग चिमणी म्हणाली, "यांना खायला कोण घालणार?" आणि दोघांचे गळे चिरले.

त्यांची पेज खाऊन!

कुणी हरकत घेतली नाही. शरण जाण्याचं कोडं मला तिथे सुटलं. कैद्यांचं आपण काय करतो हे खेळाडूंना पक्कं माहीत असतं, मग समोरचा वेगळं वागेल असं ते का धरतील? आणि खाणीच्या आधी माझ्याही राक्षसांनी कधी कैदी घेतला नव्हता.

सेशन १८ झालं १९ डिसेंबरच्या सुट्टीला. "हिरो शरण जात नाही," हे पालुपद पुन्हा. म्हटलं, सुट्टी कसली आहे आज? गोवा मुक्तिदिनाची. १९६१ मध्ये पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याचा हुकूम होता की पोर्तुगीज सैनिक एकतर विजयी नाहीतर मृत. गव्हर्नर जनरल वासालो ई सिल्व्हाने तो मोडला, शरणागती पत्करली, आणि हजारो सैनिक जिवंत घरी गेले. त्याला मात्र सैन्यातून काढलं. परत घेतलं ते १९७४ च्या क्रांतीनंतर. चिमणी म्हणाली, "त्याच्या डीएमने एक्सपी (अनुभवाचे गुण) दिले नसणार." विनोदच, पण मुद्दा बरोबर होता. माझ्याकडे तरी पळणाऱ्याला काय मिळत होतं?

म्हणून थर्टीन्थ एज या अशाच दुसऱ्या खेळातला नियम उचलला. कुणीही आपल्या पाळीला "पळू या" म्हणायचं; सगळ्यांनी होकार दिला की फासा न टाकता सगळे निसटतात, पडलेल्यांना उचलून. बदल्यात मोहिमेत मोठं काहीतरी हातचं जातं. कार्डावर लिहिलं "काढता पाय". सेशनभर ते मिरची भज्यांच्या बशीखाली तेलकट होत पडलं.

सेशन १९ मध्ये दुसऱ्याच फेरीला कालिंदीने ते ओढून काढलं. कुणी पडलेलं नव्हतं तेव्हा! भैरू सोडून सगळे लगेच हो म्हणाले. भैरूने पाव संपवला, मग मान हलवली. किंमत म्हणून फेरीबोट गेली, नदीचा धक्का आता हॉबगॉब्लिनांकडे. मावसभाऊ घरी जाईपर्यंत फुगून होता.

रविवारी सेशन २०. धक्क्यावरून पांढरं फडकं घेऊन एक हॉबगॉब्लिन बोलणी करायला येणार आहे. (इथे लिहायला हरकत नाही, चौघांपैकी कुणीही या नोंदी वाचत नाही.) चिमणीसमोर तो किती फेऱ्या टिकतो ते कळवतो.